हडसनकाठी, एका अनामिक बाईंच्या आज्ञेने

आमच्या पार्सिपनी गावच्या ग्रंथालयातील जुन्या पुस्तकांच्या विक्रीत मला व्हिक्टोरिया राणीच्या काळातील एक प्रवासमार्गदर्शिका मिळाली. लेखिका कोणी इंग्रज बाई. नावाच्या जागी केवळ ‘एका स्त्रीकडून’ एवढेच. कर्त्याचे नाव नसलेला ग्रंथ स्वतःप्रमाण मानण्याचे आमचे संस्कार; शिवाय हा तर अक्षरशः अपौरुषेय! मी तत्काळ संकल्प सोडला: बाई सांगतील त्याच क्रमाने हडसन नदीचे दर्शन घ्यायचे.

सौभाग्यवतींना हवा होता नायगारा, आणि चिरंजीव मंदारला सुट्टी एकाच लाँग वीकएंडची. अखेर सौभाग्यवतींनी अट घातली.

“तुमच्या बाईंचं एक वाक्य जरी खोटं निघालं, तरी तिथूनच गाडी नायगाऱ्याकडे वळवायची.”

शनिवारी सकाळी निघालो. नदीचा पश्चिम किनारा धरून जाणारा ९डब्ल्यू रस्ता अवश्य घ्यावा. वळणे भरपूर, शाकाहार दुर्मीळ, म्हणून थालीपिठे सोबत असावीत.

पहिल्या मुक्कामी ग्रंथात ‘उत्तम खाणावळ’ होती. प्रत्यक्षात पार्किंग लॉट.

“कालौघात तीर्थे लुप्त होतात,” मी म्हणालो. “तो ग्रंथाचा दोष नव्हे.”

पुढे ‘सर्वरोगहारक झरा’ आला. त्याला कुंपण होते आणि पाणी पिऊ नये अशी पाटी.

“हा अर्थवाद. स्तुतिपर वाक्य शब्दशः घ्यायचे नसते.”

“बाबा, हे चीटिंग आहे यार!” मंदार म्हणाला.

सायंकाळी एका कातळावर पोहोचलो. ‘येथे बसून सूर्यास्त न पाहता परतेल तो करंटा,’ इति ग्रंथ. कातळाचे तोंड मात्र पूर्वेला!

“अहो, सूर्य आपल्या पाठीमागच्या डोंगरात मावळतोय,” सौभाग्यवती विजयी स्वरात म्हणाल्या. “बाई इथे आल्याच नव्हत्या. मंदार, नायगारा किती तास?”

उपक्रमापासून उपसंहारापर्यंत पुन्हा चाळले. मी पुस्तक मिटले. मंदार किल्ली काढून उठला. गुडघ्यांमुळे सौभाग्यवती तेवढ्या बसून राहिल्या, नदीकडे तोंड करून.

“थांबा जरा,” त्या एकाएकी म्हणाल्या.

पैलतीरावरचे डोंगर तांबूस होत होते. मग केशरी, मग कुंकवासारखे. खाली पाणीही पेटले. आमच्या डोंगराची सावली नदी ओलांडून त्या लालीवर हळूहळू चढत गेली आणि शिखरावरचा शेवटचा ठिपका विझला.

“आल्या होत्या हो,” सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, आणि स्वतःचा नायगारा स्वतःच बुडवला.

सोमवारी घरी परतलो. छायाचित्रे सगळी काळी आली. वाद मी जिंकलो खरा. पण ग्रंथ घेऊन मी बसलो होतो, आणि अर्थ लागला तो तिला, हे मनात राहिले. म्हणून पुढल्या सुट्टीत नायगारा (तोही ग्रंथात होताच) मी आपणहून कबूल केला.

“जाऊ की,” माझ्या हातातले पुस्तक काढून घेत ती म्हणाली. “पण उभं कुठे राहायचं, ते आधी वाचून घेते.”