ओळीनंतरची जागा

पारोळ्याहून धुळ्याला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी तोंडाला स्कार्फ बांधलेली एक पोरगी बसली. तिनं मोबाइलवर मोठ्यानं हळदीचं गाणं लावलं. चाल आपलीच, पण प्रत्येक ओळीनंतर आवाज थांबे आणि नुसती ढोलकी वाजे.

"तुनं गानं बिघडेल शे," मी सांगितलं.

"नही आक्का, ती जागा तुमनासाठे ठेयेल शे. बठ्ठा लोक म्हनतस, तठे बाजा भरी टाक. मी नही भरा."

म्हणजे गाणारी हीच! तिचा पहिला अल्बम दुसऱ्या दिवशी येणार होता. बोटं सीटच्या दांडीवर ताल धरत होती.

हळदीत एकीनं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी झेलायची, हे मला कोणी शिकवायला नको. पुढची ओळ थांबली आणि मी झेलली. मागच्या दोघी मिळाल्या, मग अख्खी एसटी. कंडक्टरनं तिकिटाच्या मशीनवर ठेका धरला.

पोरीनं स्कार्फ ओढून काढला. "आते म्हना बरं कोनी, ती जागा भरी टाक!"

तिचा आवाज काही फार गोड नाही. पण आमच्या गल्लीतल्या प्रत्येक हळदीत आता तेच गाणं लागतं, आणि त्या जागेत सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडते.