गाडीत अर्थ उरला नाही

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा. मगच सांगतो. कारण मी शाळेत मराठी शिकवतो, पंचवीस वर्षं झाली, आणि हा घोळ नेमका मराठीतच झाला!

आमच्या अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, एक जुना ट्रक आहे. पाचोडची मोसंबी संभाजीनगरला पोचवता पोचवता दोघंही म्हातारे झाले. अण्णांचे गुडघे गेले आणि ट्रकचे मीटर. मीटर कसे गेले म्हणता? दिवे लावले की इंजिन तापल्याचा काटा थेट टोकाला! इंडिकेटर दिला की डिझेलचा काटा फुगडी घालायचा. आणि ब्रेक दाबला की टाकी फुल्ल! ब्रेक दाबून टाकी भरणारी गाडी जगात आमचीच असेल, पण अण्णांना त्याचं काही कौतुक नव्हतं. मोसंबीचा तोडा तोंडावर आला होता.

"तुझ्या शहरात मिस्तरी हाय ना कोणी? इचार की त्याला," अण्णा म्हणाले.

मी मोंढा नाक्यावरच्या सलीमभाईंना फोन लावला. ते गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात. डॉक्टरला सांगावीत तशी सगळी लक्षणं सांगितली.

"हौ सर, समजलं," ते म्हणाले. "अर्थ नाय राहिला गाडीला."

मी खुर्चीतून उठूनच उभा राहिलो.

"अहो, असं कसं? नवीन मीटर टाकले तर?"

"नक्को सर! अर्थच नसल तर नवीन मीटर काय करल? फुकट खर्चात पडू नका."

"पण इंजिन चांगलं आहे हो!"

"इंजिन सोन्यावाणी असू द्या. जुनी गाडी, गंज लागतो, अर्थ जातोच. टेन्शन नका घेऊ. रविवारी मी पाचोडला येतोच आहे, पाच मिन्टांत मोकळं करतो तुम्हाला."

पाच मिनिटांत मोकळं! काय हो हा माणूस? तीस वर्षांची गाडी, आणि याला जराही दयामाया नाही! मला खरंच राग आला.

पण अण्णांना सांगणं भाग होतं. गावी गेलो, चहा पुढ्यात ठेवला आणि हळूच म्हणालो, "अण्णा, मिस्तरी म्हणतात, गाडीत आता काही अर्थ उरला नाही."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. चहा तसाच गार झाला.

"माणसात उरला नाय, गाडीत कुठनं उरंल," एवढंच ते बोलले. आई पदरानं डोळे पुसायला लागली.

मग मीच पुढाकार घेतला. मास्तरांना ती खोडच असते. बिडकीनच्या एका भंगारवाल्याला रविवारी बोलावून टाकलं.

रविवारी आईनं बॉनेटला कुंकू लावलं, हार घातला. शेजारीपाजारी जमले. आणि मी… आता कसं सांगू तुम्हाला, मी भाषण केलं! निरोपाचं! "हा ट्रक नव्हता, हा माझा थोरला भाऊ होता!" असं बरंच काही. शेजारच्या काकू हुंदके देत होत्या. भंगारवाला गॅसकटर घेऊन ताटकळत उभा होता, त्यानंही नाक ओढलं. मला मनातून जरा बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात स्कूटरवरून सलीमभाई आले. हार बघून दचकले.

"कोण गेलं सर?"

"गाडी," मी हाराकडं बोट दाखवून म्हणालो.

"कुठं गेली? ही काय उभी हाय!"

"तुम्हीच म्हणालात ना, अर्थ राहिला नाही म्हणून!"

"हौ! मग द्यायचा की अर्थ!"

ते केबिनमध्ये चढले आणि मीटरच्या मागं हात घालून एक काळी तार ओढून दाखवली. तिच्या टोकाला नुसता गंज होता. पॉलिश पेपरनं घासली, नटाखाली बसवली, पान्यानं आवळली.

"हा घ्या तुमचा अर्थ, सर. अर्थिंगची तार."

दिवे लावले. काटा जागचा हलला नाही. इंडिकेटर दिला, ब्रेक दाबला. डिझेलचा काटा पाव टाकीवर शहाण्यासारखा बसून राहिला.

अण्णांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. डोळे भरून आले होते त्यांचे. मग माझ्याकडं वळले.

"पंचवीस वर्षं पोरान्ला अर्थ सांगतोस ना रं तू?"

सगळे खो खो हसायला लागले. हुंदके देणाऱ्या काकू तर सगळ्यांत मोठ्यानं!

भंगारवाला तेवढा वैतागला. "म्हंजी मी काय आता मोकळ्या हातानं जाऊ?"

"मोकळ्या हातानं कशाला?" अण्णा म्हणाले. "ह्यो मास्तर घेऊन जा की."

त्यानं मला नखशिखांत न्याहाळलं आणि गॅसकटर उचलून खांद्यावर घेतला.

"नको अण्णा," तो म्हणाला. "ह्याच्यात बी काय अर्थ नाय."