बियाण्यावरची ताडपत्री

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. आमच्या घरातून माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. त्यामुळे सुट्टीत नागपूरहून गावी आले की मला सगळंच कळतं, असं घरचे धरून चालत. मीही तसंच धरून चालत असावे.

रामटेकजवळच्या आमच्या गावात धानाची मळणी आटोपली होती. बाबा विकायचं धान घेऊन नागपूरला कळमन्याच्या बाजारात गेले होते. खळ्यावर उरला होता बियाण्याचा ढीग, अजून पुरता न वाळलेला. ते जुनं, बारीक दाण्याचं धान आता फक्त आमच्याकडे राहिलं होतं. बाकीच्यांनी नव्या जाती लावल्या होत्या. दुपारी आभाळ भरून आलं. आईला ताप होता, म्हणून झाकायला मी गेले.

ताडपत्री जुनी, मेणकट, जड होती. मी ती चारही बाजूंनी ताणली, दोरीनं आवळली, कडांवर माती लोटली. दोन दिवस झिमझिम चालली. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा आई खळ्यावर आली.

"काहून वं, चारही कडनं बांधली?"

"पाणी जाऊ नये म्हणून."

"मंग आतली वाफ कुठून जाईन?"

ताडपत्री उचलताच तिच्या आतल्या बाजूचे थेंब धानावर गळले. आईनं ढिगात कोपरापर्यंत हात घातला. मग मी घातला. आत गरम लागत होतं, कुबट वास येत होता.

"कॉलेजात हे शिकवत नाही काय?"

"तिथं बेडूक कापून राहिलो आम्ही."

"मंग बेडकंच झाकत जाय."

आम्ही धान पातळ पसरलं. किती उगवतात ते पाहायला आईनं ढिगाच्या मधले शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून चुलीशेजारी ठेवले. संध्याकाळी बाबा आले. आई बोलायच्या आत मीच सांगून टाकलं. त्यांनी फडक्याला हात लावून पाहिला, पण सोडलं नाही.

पाचव्या दिवशी त्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं. "तूच मोज."

कोंब फुटलेले एकसष्ट भरले. मी पुन्हा मोजले, तेवढेच.

"रोपाचं पऱ्हं दाट टाका लागन," बाबा आईला म्हणाले. "भागन तेवढ्यात."

ते बाहेर गेले. मी न उगवलेले दाणे तळहातावर घेऊन बसले. वरून ते बाकीच्यांसारखेच दिसत होते.