डावी तर्जनी

सांगतो, पण एक अट आहे. हसायचं असेल तर सुरुवातीलाच हसून घ्या. पुढे जमेलच असं नाही.

कोथरूडच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी कोडिंग करतो. म्हणजे काय, तर प्रत्येक दुखापतीला एक ठरलेला कोड असतो, डॉक्टरांची नोंद वाचून तो मी कॉम्प्युटरमध्ये भरतो. बोट कापलं? कुठलं बोट? नखाला लागलंय का? कुठला हात? शेवटचा एक आकडा बदलला की माणसाचा हातच बदलतो! आणि ह्यात मी कधी चुकत नाही, असं मी ऑफिसात अख्ख्या जगाला ऐकवत असे.

मार्चमध्ये मंगलाताई आल्या. वय बेचाळीस, सोसायट्यांमधून पोळ्या करायच्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसल्या होत्या. विळीवर भोपळा चिरताना अंगठ्याशेजारचं बोट कापलं. तीन टाके पडले.

"साहेब, उद्या मराठीचा पेपर हाय. लिहायला माणूस मिळंल म्हनं, तेवढा दाखला द्या."

डॉक्टर मॅडमनी नोंदीत फक्त 'तर्जनीला काप, तीन टाके' एवढंच लिहिलं होतं. हात कुठला? मॅडम दुसऱ्या पेशंटकडे गेलेल्या. मंगलाताई काचेपलीकडे, माझ्यासमोर बसलेल्या. विचारायला तोंड होतं ना मला? पण मी मान वर केली, पट्टी माझ्या डाव्या बाजूला दिसली आणि ठोकून दिलं: डावी तर्जनी!

समोरच्याचा उजवा हात आपल्या डावीकडे दिसतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं हो.

दाखला निघाला, तोही इंग्रजीत. मॅडमनी गर्दीत सही केली. मंगलाताईंनी पदराला हात पुसून तो जपून पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा केंद्रावरून फोन आला.

"दाखल्यावर डावा हात आहे, पट्टी उजव्याला दिसतेय. बाई म्हणतात, उजवाच कापलाय."

इथे तरी उठून विचारावं की नाही? मॅडम दहा पावलांवर होत्या! पण छे!

"आमच्याकडे चुका होत नाहीत," मी म्हणालो. "डावाच आहे. लेखनिक मिळावा म्हणून पट्टी हलवली असेल. सोडून बघा!"

आणि वर चहाही मागवला.

दुपारी मंगलाताई आल्या. पट्टी लाल झालेली. दोन टाके उसवले होते. त्यांना बाकावर बसवून मॅडम पट्टी उलगडू लागल्या, तेव्हा कुठे मी काचेबाहेर आलो. जवळ उभा राहिल्यावर कळलं. उजवा हात.

"काय झालं तिकडे?" मॅडमनी विचारलं.

"पट्टी सोडायला लावली. सगळ्या पोरांम्होरं. जखम दिसली तरी म्हनले, दाखल्यात डावा हाय, आम्ही काय करनार? मग मीच लिवलं." त्या खाली बघत होत्या. "निबंध राह्यला. अन् पेपरावर रगत पडलं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "कुलकर्णी, विचारायला जीभ झिजते का तुमची?"

मी त्याच दिवशी दाखला दुरुस्त केला. परीक्षा केंद्राच्या मुख्याध्यापकांना फोन करून चूक माझी आहे म्हणून सांगितलं. पुढच्या पेपरांना लेखनिक मंजूर झाला. पण मंगलाताई गेल्याच नाहीत. जिथे खोटारडी ठरवलं त्या वर्गात पुन्हा कसं बसायचं, असं त्या शेजारणीला म्हणाल्या म्हणे.

शेवटी मीच पुरवणी परीक्षेचा फॉर्म घेऊन त्यांच्या घरी गेलो. पोळपाट-लाटणं आवरून त्या दारात आल्या. बोट अजून नीट वाकत नव्हतं. मी माफी मागितली. नुसतंच उभं राहवेना, म्हणून मी खिशातून पेन काढलं. नाव, जन्मतारीख, स्त्री की पुरुष, सगळ्या चौकटी रिकाम्याच होत्या.

"थांबा ताई, मी भरून देतो. आत्ता लगेच."

त्यांनी फॉर्म माझ्या हातातून काढून घेतला.

"नगं साहेब. माझी लेक भरंल," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही भरला तर मला पुरुष कराल."