आप्पांच्या तोंडी घातलेलं वाक्य

इनामगावचे आप्पा जमिनीवर पडलेलं खापर कधी उचलत नसत. तरुणपणी ते घोड नदीकाठच्या उत्खननावर मजूर होते. तिथे शिकलेली एक गोष्ट त्यांनी जन्मभर पाळली: वस्तू कुठल्या थरात सापडली ते आधी लिहायचं, मग तिच्याबद्दल बोलायचं. मी एखादं खापर उत्साहाने हातात घेतलं की म्हणत, "ठिव खाली, पोरी. थर सुटलाय त्याचा. आता त्याच्या तोंडी कायबी घालता येतंय."

दर रविवारी चर्च उरकून दौंडच्या रेल्वे कॉलनीतून डेव्हिडमामा एसटीने यायचे. निवृत्त गार्ड. दोघं नदीकाठी बाभळीखाली बसत. मामा महापुरातल्या नोहाच्या तारवाची गोष्ट सांगत, आप्पा मनूच्या नावेची. गोष्टी त्याच, भांडण दर वेळी नवं.

"तुमच्या नोहानं जनावरं भरली, आमच्या मनूनं बियाणं. शेतकरी कोन ते कळतंय का?"

"आप्पा, तुमची नाव माशानं ओढली. आमची बिनइंजिनाची गेली!"

दोन्ही गोष्टींचं मूळ एकच असेल का, असं मी एकदा विचारलं. आप्पांनी नदीनं कापलेल्या काठातली गाळाची फिकट रेघ दाखवली. "हितं पानी येऊन गेलं, येवढं मला दिसतंय. पूर एक का दोन, कुनाला ठावं? पन भ्यालेलं मानूस सारखंच आसंल."

मला हे पत्रक म्हणून छापायचं होतं. आमच्या घरी पुस्तकांपेक्षा प्रचाराची पत्रकं जास्त. मी त्यांवरच वाढले. आप्पांनी एकच अट घातली. "दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी ल्ही. कुनाची आधी, ते ल्हिऊ नगं. आमाला ठावं न्हाई."

तसंच लिहिलं. पण छापायला देताना शेवट मिळमिळीत वाटला. मी आप्पांच्या नावावर एक वाक्य जोडलं: 'मूळ गोष्ट आमची, त्यांनी ती उचलली.' ते पत्रक मीच दौंड स्टेशनवर वाटलं.

पुढच्या रविवारी मामा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. बारीक अक्षर दिसेना म्हणून आप्पांनी नातसुनेकडून पत्रक वाचून घेतलं आणि मला बोलावलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरी, ह्ये शेवटचं कुठल्या थरात घावलं?"

मी म्हणाले, "आप्पा, पत्रकाला जरा धार लागतेच." आजही हे आठवलं की मान वर होत नाही.

थंडीत आप्पा गेले. दहाव्याला मामा बाभळीखाली उभे दिसले. मी माफी मागायला गेले, तर तेच आधी बोलले. "तुझ्यावर राग नाही, बाळा. आप्पा काठी टेकत घरी आले होते माझ्या. म्हणाले, 'बोलन्याच्या भरात मीच तसं म्हनलो, पोरीनं ऐकलं ते लिवलं.' तरी मीच हट्टानं इकडे परत आलो नाही."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. भोवती गावातली माणसं होती. मी नुसती होकारार्थी मान हलवली.

खापराच्या तुकड्याबद्दलही जे पाहिलं नाही ते कधी न बोललेला माणूस माझ्यासाठी खोटं बोलला, आणि मी ते तसंच राहू दिलं. मामा, ते वाक्य माझं होतं.