समासातले प्रश्न

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे लेक्चरला बसून नेमकं लिहायचं काय, हे मला सांगणारं कुणी नव्हतं. पहिल्या टर्मला मी प्रत्येक शब्द उतरवून घ्यायचे. हात दुखायचा, डोक्यात काही राहायचं नाही. मग शाळेतली माझी जुनी सवय आठवली: आधी ऐकायचं, नंतर आपल्या शब्दांत थोडंच लिहायचं, आणि डावीकडच्या रुंद समासात, जे कळलं नाही ते प्रश्न म्हणून लिहायचं. त्यानेच मी तरले, असं मला वाटतं.

दुसऱ्या वर्षी हेच शिकवायला मी शनिवारी लंडनच्या क्रॉयडन भागातल्या एका हॉलमध्ये जाऊ लागले. मराठी घरांतली, जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीला, बसणारी मुलं यायची. सोबत माझी मैत्रीण असायची. ती स्टॅनमोरची, लंडनच्या सुखवस्तू वस्तीतली, आईवडील दोघंही डॉक्टर. युनिव्हर्सिटीत माझ्याशी आपणहून बोललेली ती पहिली. मी तिच्यापासून काहीच लपवत नसे.

मुलांमध्ये एक मुलगी होती. आई म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये कामाला, वडील गोदामात. तिच्याही घरात पुढे शिकणारं कुणी झालं नव्हतं. तिला सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे अकरावी-बारावीला, जायचं होतं आणि हिस्टरी आड येत होती. सर बोलायला लागले की ती घाबरून सगळंच लिहायला जायची आणि मध्येच अडकायची. मी तिला एक परिच्छेद वाचून दाखवायचे. ती पेन खाली ठेवून ऐकायची, मग लिहायची. ख्रिसमसच्या थोडं आधी, कापडगिरण्यांतल्या बालकामगारांच्या धड्यावर, तिच्या समासात पहिला खरा प्रश्न आला: 'गिरणीतली मुलं पळून का नाही गेली?' मी घरी जाऊन तो आईलाही सांगितला.

पालकांना मात्र धीर नव्हता. आपल्याकडे नोट्स हुशार मुलांकडून मिळवायच्या, झेरॉक्स काढायची आणि पाठ करायच्या. "अगं, तुझ्याच देऊन टाक ना, पोरांचे कष्ट वाचतील," एक काकू नेहमी म्हणायच्या. मी हसून टाळायचे.

जानेवारीतल्या एका शनिवारी गेले, तर कुणीच वही उघडली नव्हती. सगळ्यांच्या हातात फोन. पालकांच्या ग्रुपवर हिस्टरीच्या टाइप केलेल्या, सुबक नोट्स आल्या होत्या. दोन ओळी वाचल्या आणि माझीच वाक्यं ओळखली. माझ्या शाळेतल्या नोट्स, नमुना म्हणून मैत्रिणीला दिलेल्या. फक्त समास नव्हता. एकही प्रश्न ठेवला नव्हता.

मैत्रीण हॉलच्या किचनमध्ये चहा ओतत होती.

"मला विचारायचं तरी."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून तर विचारायचं ना!"

"अगं, चिल. सगळे किती खूश आहेत बघ. आणि ऑनेस्टली, ते प्रश्न कशाला? मुलं कन्फ्यूज होतात. तुला तेव्हा काय काय येत नव्हतं, हे जगाला कशाला दाखवायचं? मी तर तुझी लाज राखली."

ती हसून बोलत होती. त्या प्रश्नांची मला कधीच लाज वाटली नव्हती.

तेवढ्यात त्या काकू आत आल्या आणि तिचाच हात धरून म्हणाल्या, "किती सुंदर नोट्स केल्यास गं! डॉक्टरांची लेक, उगीच नाही." ती 'माझ्या नाहीत, हिच्या आहेत' म्हणेल म्हणून मी थांबले. ती म्हणाली, "बिस्किट घ्या ना काकू."

मी बाहेर जाऊन त्या मुलीशेजारी बसले. म्हटलं, आपलं नेहमीचं करू या. परिच्छेद वाचला. तिने ऐकलं, वही उघडली, तीन शब्द लिहिले आणि फोनकडे पाहिलं.

"हा पॅरा यात नाहीये, ताई."

"नसू दे. तुला काय वाटलं ते लिही."

तिने ते तीन शब्द खोडले. वही माझ्याकडे सरकवली, पेनही. "तूच लिही ना. फोनवरचं तुझंच आहे, मला कळलं. तुझ्या नोट्स परफेक्ट असतात. माझं सगळं राँग असतं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, कुणीतरी शेवटी खरं सांगितल्यासारखी ती निवांत होती.

मी पेन उचललं नाही. ती मात्र वाट बघत राहिली, मी लिहीन म्हणून.