शेवट बरो आसा

सुमनवैनी गेल्याचा फोन इस्पितळातून आला तेव्हा मी सोलकढीसाठी नारळाचा रस काढत होते. पुतण्या एवढंच म्हणाला, "काकी, आई गेली." मी हात धुतले, घरच्यांना हाका मारल्या आणि पहिला विचार मनात आला तो एका कादंबरीचा. अशा वेळी माणसाला काय आठवेल, याचा नेम नाही.

वैनी माझी थोरली जाऊ, माहेर हरमलचं. मये गावच्या सासरघरात आम्ही दोघी एका चुलीवर नांदलो. दुपारची जेवणं आटोपली की पाववाल्या पदेराचा भोंगा वाजेपर्यंतचा वेळ आमचा. वाचनाचं वेड दोघींना, पुस्तक मात्र एकच, तेही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून जुनं आणलेलं. एकदा आधी कोण वाचणार यावरून आमची जुंपली, तेव्हा वैनीने सरळ कोयती घेतली आणि पुस्तक मधोमध चिरलं. पुढचा, म्हणजे सुरुवातीचा भाग मला, मागचा शेवटाचा तिला. मग तीच रीत पडली. शेवट आधी वाचते म्हणून मी तिला चिडवायची. ती म्हणायची, "घरात काळजी थोडी आसा काय, आणखी विकती हाडूक?" पुस्तकातली काळजी विकत आणायची कशाला, हा तिचा हिशेब.

कादंबऱ्याही अशा, की पुढचा भाग वाचला की मागचा आपोआप कळावा. इस्टेटीचा तिरसट वारस, बाणेदार मुलगी, एक गैरसमज, एक अपघात आणि शेवटच्या पानावर दोघं बंगल्याच्या पायरीवर. मला कंटाळा यायचा, लिहिणारीचा रागही यायचा. तरी दुसऱ्या दुपारी मी उंबऱ्यात हजर. कारण आपला भाग संपला की वैनी तो माझ्या मांडीवर टाकायची आणि म्हणायची, "शेवट बरो आसा गो. वाच निवांत." मग तीच रटाळ गोष्ट मला गोड लागायची... का, ते सांगता येत नाही.

शेवटच्या पुस्तकाच्या वेळी गडबड झाली. वैनीला इस्पितळात नेताना पुतण्याने पिशवीत चुकून पुढचा भाग भरला, मागचा घरी राहिला. मी भेटायला गेले तर वैनी उशीला टेकून, आमची रीत पडल्यापासून पहिल्यांदाच, गोष्ट सुरुवातीपासून वाचत होती. चेहरा उतरलेला. म्हणाली, "शेवट तुझ्याकडे आसा मगो? बरो आसा?"

मी तो उघडलाही नव्हता. "बरो आसा, वैनी. वाच निवांत," मी म्हटलं. ती हसली आणि तिने पान उलटलं. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

दिवसकार्य आटोपलं, पाहुणे गेले. मागचा भाग काही माझ्याने उघडवेना. एरवी तो शेवट मी पैजेवर सांगितला असता. पण लिहिणारीला नेमकी याच वेळी वेगळं काही करायची हुक्की आली असेल तर? वैनी माझ्या शब्दावर विसंबून वाचत राहिली होती. तो शब्द खोटा निघाला असता, तर मला ते सोसलं नसतं.

गेल्या आठवड्यात एका दुपारी उंबऱ्यात बसून वाचून काढला. गैरसमज फिटला, वारस अपघातातून वाचला, दोघं बंगल्याच्या पायरीवर आली. एक ओळही अनपेक्षित नाही. गोष्ट बेतास बात, लिहिणंही तसंच. मला मात्र रडू आलं, आणि बरंही वाटलं.

पदेराचा भोंगा वाजला. मी उठून वैनीच्या खोलीत गेले. इस्पितळातून परत आलेला पुढचा भाग तिच्या उशाशी तसाच पडला होता. मागचा त्याच्याखाली सरकवला. शेवट बरा आहे, हे तिला सांगावंसं वाटलं... पण ते मी आधीच सांगून ठेवलं होतं.